काचेची बाटली घेताना आधी आटे बघा

अंगावरचं दूध चालू आहे, ऑफिसात पंपही करते, त्यामुळे बाटली फक्त सासूबाई पाजतात तेव्हाची. बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या) काचेची, १२० मिलीची घेतली. अंगावर पिणाऱ्या बाळाला एका वेळी तेवढी पुरते, २४० ची उगाच जड. काचेला दुधाचा वास धरत नाही, तुपकट थर ब्रश फिरवला की सुटतो. प्लॅस्टिकच्या बाटलीने यात फार पिडलं होतं.

अडचण तोंडाची. पंप अरुंद तोंडाचा, बाटली रुंद तोंडाची. आटे बसत नाहीत, म्हणून रोज ओताओत. त्यात चमचाभर दूध सांडलं तरी जीव हळहळतो! दुकानात जाताना पंपाची बाटली सोबत न्या आणि फिरवून बघा.

सोबतचं निपल भसाभस वाहायचं. सगळ्यात हळू प्रवाहाचं वेगळं आणलं, नाहीतर पोरगी अंगावर ओढायचा आळस करते. फ्रिजमधली थंड बाटली उकळत्या पाण्यात ठेवू नका, आधी कोमट पाणी. सिलिकॉनचं कव्हर घ्याच, सासूबाईंच्या हातून निसटत नाही. ऑफिसच्या पिशवीत मात्र अजून प्लॅस्टिकचीच.