कमानीवर कोणती मुद्रा: शिवछत्रपतींची की महाराष्ट्र शासनाची?

लातूर-धाराशिवकडे गावच्या वेशीवर नवी कमान उभी राहिली की हा वाद ठरलेलाच. दोन्ही मुद्रांचा श्लोक जवळपास एकच. शिवरायांच्या मुद्रेत 'शाहसूनोः शिवस्यैषा', शासनाच्या मुद्रेत त्या जागी 'महाराष्ट्रस्य राज्यस्य'. दोन्हीकडे आठच अक्षरं, म्हणून छंद मोडत नाही. बदल मात्र मोठा: सत्ता एका पुरुषाची होती, ती राज्याची झाली.

शिवरायांची राजमुद्रा अष्टकोनी. ३ फुटी चौकोनी फरशीच्या प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना साडेदहा इंच मोजा, कोपरे कापा. आठही बाजू सारख्या येतात. मजकूर सरळ ओळींत बसतो, त्यामुळे काळ्या पाषाणात कोरणं सोपं. चूक होते ती 'सूनोः'च्या विसर्गात आणि 'स्यै'च्या मात्रांत. रंग दाट भरला की दोन मात्रांची एकच होते. कारागिराला छापील कागद द्या, मोबाईलवरचा फोटो नको.

शासनाची मुद्रा गोल: मध्ये समई, भोवती कमळं, कडेला श्लोक. बत्तीस अक्षरं कडेनं फिरवायची, म्हणजे ३ फुटी वर्तुळातही एका अक्षराला जेमतेम ३ इंच. दगडात 'ष्णु', 'श्व' बुजतात; पितळी पत्रा बरा.

शिवाय ती शासनाची खूण आहे. १९५० च्या कायद्यानं तिचा विनापरवानगी व्यापारी वापर करता येत नाही, म्हणजे देणगीदार दुकानाच्या नावाशेजारी तर नकोच. ग्रामपंचायतीनंही आधी लेखी परवानगी घ्यावी. वेशीला आमचं मत राजमुद्रेलाच. शिवरायांची दुसरी छोटी मुद्रा, 'मर्यादेयं विराजते', ही पत्राच्या शेवटी उमटायची. हौस असेल तर ती कमानीच्या आतल्या बाजूला लावा.