जुन्या लॅपटॉपवर मेल: थंडरबर्ड की क्लॉज मेल?

सदाशिव पेठेतल्या एखाद्या कर सल्लागाराच्या टेबलावर अजूनही २ जीबी रॅमचा लॅपटॉप सापडतो. ब्राउझरमध्ये जीमेल उघडलं की बाकी सगळं अडतं. अशा वेळी मेलसाठी वेगळा प्रोग्रॅम घेतलेला बरा. पण कुठला?

थंडरबर्ड बसवायला सोपा. नाव, पत्ता, पासवर्ड दिला की बहुतेक सर्व्हर तो स्वतःच शोधतो. जीमेलची लॉगिन खिडकीही आपणहून उघडतो. कॅलेंडर आतच आहे. पण अंगानं जड. पोटात फायरफॉक्सचंच इंजिन आहे ना!

क्लॉज मेल २००१मध्ये सिल्फीड या मेल प्रोग्रॅमची चाचणी आवृत्ती म्हणून सुरू झाला आणि २००५मध्ये त्यातून पूर्णपणे फुटून निघाला. तो झटकन उघडतो. पॉपनं (म्हणजे मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीनं) उतरवलेला प्रत्येक मेल वेगळ्या फाइलीत ठेवतो, त्यामुळे बॅकअप म्हणजे फोल्डर उचलायचा आणि पेनड्राइव्हवर टाकायचा. सेटिंग मात्र हातानं भरावी लागतात: पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, आयमॅपला (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) ९९३, पॉपला ९९५, एसएमटीपीला (मेल पाठवायची पद्धत) ४६५, सगळीकडे टीएलएस हे सुरक्षाकवच. जीमेलसाठी आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे गुगलनं अशा प्रोग्रॅमसाठी दिलेला वेगळा पासवर्ड, घ्या. नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही. इथेच निम्मे लोक वैतागून सोडून देतात.

शिवाय क्लॉजमध्ये लिहायचं ते साध्या मजकुरात. ठळक अक्षरं नाहीत, तक्ते नाहीत. जाहिरातींचे रंगीत मेलही प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) न टाकल्यास फिके दिसतात, जी मला तर सोयच वाटते.

पक्षकारांना लोगोसकट देखणे मेल पाठवायचे असतील तर रॅम वाढवून थंडरबर्ड घ्या. नोटिसा वाचायच्या, जोडलेली पीडीएफ उतरवायची आणि दोन ओळींचं उत्तर द्यायचं, एवढंच काम असेल तर क्लॉज.