बोली 12 गेजची, जाळी 14ची

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसात आई दरवर्षी पडवळ, दोडकी, वांगी, मिरच्या लावते आणि दरवर्षी वानरं ती खातात. फटाके, गलोल, जुन्या साडीचं बुजगावणं, सगळं करून झालं. शेवटी वाफ्यांभोवती लोखंडी पिंजराच घालायचं ठरवलं. 20 बाय 15 फूट, उंची 8. बाजू आणि छप्पर धरून 860 चौरस फूट जाळी.

मी डोंबिवलीत, आईबाबा गावी. फॅब्रिकेटर ओळखीतूनच आलेला, बोलायला इतका गोड की दुसऱ्या खेपेला आईने त्याला जेवायलाच बसवलं. त्याने 12 गेज वेल्डमेशचा, म्हणजे तारा वेल्ड करून केलेल्या जाळीचा, वीतभर तुकडा बाबांच्या हातात दिला. गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप. "काका, वाकवून बघा." वाकेना. दर फुटाला 110 रुपये, म्हणजे 94,600. पक्कं बिल नको, 18 टक्के जीएसटी वाचेल, हेही त्यानेच सुचवलं. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं.

60,000 आधी दिले. जूनच्या तोंडावर काम झाल्याचे फोटो आले. बाबा म्हणत होते, "थांब, तू येऊन बघ नि मग दे." मी त्याच संध्याकाळी उरलेले पाठवले.

श्रावणात एका वानराने फणसावरून थेट छपरावर उडी टाकली. जाळीला झोळ आला, चार-पाच जोड सुटले आणि मागोमाग अख्खी टोळी आत. गणपतीला गेलो तर कोपऱ्यातला खांब हाताने हलत होता. खणून पाहिलं, वर चार बोटं काँक्रीट, खाली जांभ्याचे तुकडे आणि माती. जिथे वेल्डिंग तिथे तांबेरा चढलेला. वेल्डिंगने जस्ताचा मुलामा जळतो, त्यावर झिंकचा रंग द्यावा लागतो. तो दिलाच नव्हता.

नमुन्याचा तुकडा मात्र तो न्यायला विसरला होता, बाबांनी खिडकीच्या गजाला अडकवून ठेवलेला. चिपळूणला हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही तारा मोजल्या. नमुना 2.6 मिलिमीटर, पिंजरा 2. म्हणजे 14 गेज. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. मी इतके दिवस उलटंच समजत होतो. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण दोन इंची चौकटीची एवढी जाळी 12 गेजमध्ये 135 किलोच्या आसपास भरते, 14 मध्ये 80. पन्नासेक किलो लोखंड त्याने न आणताच आम्हाला विकलं. दुकानदार म्हणाला, जाळी फुटावर घेऊच नये, किलोवर घ्यावी आणि काट्यावर समोर तोलून घ्यावी.

फोन केला तर म्हणतो, "दादा, वानरं वजनदार झाल्येत." मग माझा नंबर ब्लॉक.

ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. पैसे पाठवल्याचा पुरावा माझ्याकडे आहे. पण "12 गेज" हे शब्द एकाही मेसेजमध्ये नाहीत, सगळं बोलणं अंगणात उभ्या उभ्या झालेलं. तुम्ही निदान गेज, पाइपची जाडी आणि खड्ड्याची खोली लिहून पाठवा आणि त्याच्याकडून "हो" घेऊन ठेवा.

बाबांच्या फोनवर त्याचं स्टेटस अजून दिसतं. परवा त्यात आमचाच पिंजरा होता, फणसाच्या बाजूने काढलेला, छप्पर न दिसणारा.