गाडीत येणारे ऊन: सनफिल्म, जाळीचे पडदे आणि पुढच्या काचेची सनशेड

उन्हात तासभर उभी केलेली गाडी उघडून बसताना सीटबेल्टचे धातूचे टोक उघड्या हाताला लागले, की काचांचे काहीतरी करायला हवे हे त्याच क्षणी पटते. पण काय करायचे, हे त्या चटक्याच्या भरात ठरवू नये. काचेवर चिकटवायची फिल्म, बाजूच्या खिडक्यांवर बसणारे जाळीचे पडदे आणि पुढच्या काचेमागे उभी करायची चंदेरी सनशेड या तिन्ही वस्तू ऊन अडवणाऱ्या म्हणून एकाच रांगेत मांडलेल्या असतात. मी तिन्ही वापरल्या आहेत आणि त्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत, असे माझे ठाम मत झाले आहे. आपल्याला नेमके काय अडवायचे आहे आणि गाडी उभी असताना अडवायचे आहे की चालवताना, हे ठरवण्याआधी केवळ काचेच्या काळेपणाकडे पाहून केलेली निवड बहुधा चुकते.

सूर्याची जी ऊर्जा जमिनीपर्यंत पोहोचते, तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा वाटा ढोबळमानाने निम्मा असतो, दृश्य प्रकाशाचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि उरलेले ३ ते ५ टक्के अतिनील किरण असतात. गाडी तापते ती मुख्यतः पहिल्या दोन्हींमुळे, डोळ्यांवर येणारी तिरीप असते ती फक्त दृश्य प्रकाशाची, आणि त्वचेचे दीर्घकालीन नुकसान प्रामुख्याने त्या शेवटच्या छोट्या वाट्यामुळे होते. एखादा उपाय यांपैकी एका बाबतीत उत्तम आणि दुसऱ्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी असू शकतो.

अतिनील किरणांपैकी त्वचा भाजून काढणारे 'बी' गटाचे किरण साधी काचही जवळपास पूर्णपणे अडवते. 'ए' गटाचे किरण त्वचेत अधिक खोलवर जातात आणि त्यांच्या बाबतीत गाडीच्या सगळ्या काचा सारख्या नसतात. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर दाबून केलेली असते आणि तो थर हे किरण शोषून घेतो. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांमध्ये एकेरी, टेम्पर्ड, म्हणजे तापवून कणखर केलेल्या असतात आणि त्यांच्यात असा थर नसतो. २०१६ मध्ये 'जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात १५ कंपन्यांच्या २९ गाड्या तपासल्या होत्या. त्यांच्या पुढच्या काचांनी 'ए' गटाचे सरासरी ९६ टक्के किरण अडवले, तर चालकाच्या बाजूच्या काचांची सरासरी ७१ टक्केच भरली, आणि त्यातही एखादी काच ४४ टक्क्यांवर थांबली होती तर एखादी ९६ टक्क्यांपर्यंत पोहोचली होती. याचा परिणाम काय होऊ शकतो, हे २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापलेल्या एका छायाचित्रात दिसते. २८ वर्षे मालवाहू गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या त्या चालकाच्या चेहऱ्याची खिडकीकडची बाजू जाड होऊन खोल सुरकुतली आहे आणि दुसऱ्या बाजूवर त्या मानाने फारच थोड्या सुरकुत्या आहेत. ज्यांचे दिवसाचे तीन-चार तास स्टिअरिंगमागे जातात, त्यांनी या भागाकडे गारव्यापेक्षाही आधी लक्ष द्यावे.

आता उभ्या गाडीकडे पाहू. काचेतून आत आलेली ऊर्जा डॅशबोर्ड आणि सीट शोषून घेतात, तापतात आणि ती ऊर्जा लांब तरंगलांबीच्या अवरक्त किरणांच्या रूपात परत सोडतात. या लांब लहरी काचेतून पार होत नाहीत आणि तापलेली हवाही बंद गाडीतून बाहेर पडत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत, बाहेर ३८ अंश सेल्सिअसहून अधिक तापमान असलेल्या दिवसांत, उन्हात ठेवलेल्या गाड्यांमधली हवा तासाभरात सरासरी ४७ अंशांवर, सीट ५१ वर, स्टिअरिंग ५३ वर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला होता. सावलीतल्या गाड्यांचा डॅशबोर्ड ४८ अंशांच्या आसपास राहिला. सावलीतली जागा मिळत असेल, तर विकत घेतलेला कोणताही उपाय तिची बरोबरी करत नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

ती मिळत नसेल तेव्हा पुढच्या काचेची परावर्तक सनशेड हा मला सर्वांत किफायतशीर उपाय वाटतो. गाडीतली सर्वांत मोठी आणि सर्वांत तिरपी काच तीच असते आणि सर्वांत जास्त तापणारा डॅशबोर्ड तिच्याच खाली असतो. चंदेरी पृष्ठभागावर आदळलेला प्रकाश उष्णतेत रूपांतरित होण्यापूर्वीच काचेतून बाहेर परत जातो, हे तिचे खरे सामर्थ्य आहे. म्हणून चंदेरी बाजू बाहेर हवी, शेड काचेला शक्य तितकी चिकटून हवी आणि तिची मापे आपल्या गाडीला जुळायला हवीत. कडेने राहिलेल्या चार बोटांच्या फटीतून डॅशबोर्डवर उन्हाचा पट्टा पडलेला दिसतो, आणि तेवढाच भाग हाताला वेगळा तापलेला लागतो. वरच्या बाजूला दोन्ही सनव्हायझर खाली ओढून तिला टेकू दिला की ती घसरत नाही. बाहेरून घालायचे आवरण याहून सरस ठरते, कारण ते ऊन काचेपर्यंत पोहोचूच देत नाही, परंतु ते रोज घालण्या-काढण्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही. शेडची मर्यादा उघड आहे: गाडी सुरू करण्यापूर्वी ती काढावीच लागते, त्यामुळे चालवताना तिचा काहीही उपयोग नसतो.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. २००५ मध्ये 'पीडियाट्रिक्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंद गाडीतल्या तापमानवाढीपैकी सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती आणि काचा थोड्या खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नव्हता. या लेखातला कोणताही उपाय केलेला असला, तरी लहान मूल किंवा पाळीव प्राणी उभ्या गाडीत काही मिनिटांसाठीही एकटे ठेवू नये.

जाळीच्या पडद्यांचे काम वेगळे आहे. मागे बसलेल्या मुलाच्या डोळ्यांवर आणि मांडीवर थेट पडणारे ऊन ते कमी करतात, आणि तेवढ्यासाठी ते चांगले आहेत. मात्र काळी जाळी ऊन परतवत नाही, शोषते. ती काचेच्या आतल्या बाजूला असल्यामुळे शोषलेली बरीचशी उष्णता केबिनमध्येच राहते. जाळीची छिद्रे जितकी मोठी, तितके अतिनील किरणही तिच्यातून येतात. काचेला आपोआप चिकटणारे पडदे हलके आणि सुरक्षित असतात, पण काचेवर धूळ साचली की सुटतात. चुंबकाने खिडकीच्या धातूच्या चौकटीला बसणारे, गाडीच्या मापाचे पडदे सर्वांत नीटस दिसतात. ते घेण्यापूर्वी आपल्या दरवाजाच्या आतल्या कडेवर चुंबक खरोखर धरतो का, हे पाहून घ्यावे. संपूर्ण दरवाजाच्या चौकटीवर मोज्यासारखे चढवायचे पडदेही असतात आणि त्यांची सोय अशी की काच खाली केली तरी सावली राहते. रबरी चकत्यांनी काचेला लावायचा, गुंडाळी होणारा पडदा मी पुन्हा घेणार नाही. आमच्या गाडीत एका वळणावर त्याची वरची चकती उन्हाने मऊ पडून फटकन सुटली आणि दांडीसकट पडदा मागच्या सीटवर आपटला. त्या दिवशी तिथे कोणी बसलेले नव्हते. मुलाच्या डोक्याजवळ टणक दांडी असलेली कोणतीही वस्तू केवळ हवेच्या दाबावर टांगू नये. चालकाशेजारच्या दोन्ही पुढच्या खिडक्यांवर चालत्या गाडीत जाळी लावणे तर साफ टाळावे, कारण आरसे त्याच काचांतून पाहायचे असतात.

फिल्मच्या बाबतीत निवड सर्वांत कठीण आहे आणि फसगतही तिथेच अधिक होते. तिच्या माहितीपत्रकावर तीन-चार आकडे असतात. व्हीएलटी म्हणजे किती टक्के दृश्य प्रकाश पार होतो, हा काळेपणाचा आकडा आहे. अतिनील किरण रोखण्याचे प्रमाण चांगल्या फिल्ममध्ये ९९ टक्के असते, मग ती काळी असो वा जवळपास पारदर्शक. अवरक्त किरण रोखण्याचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि त्याच्याकडे सर्वांत सावधपणे पाहावे लागते, कारण तो पुष्कळदा अवरक्त पट्ट्यातल्या मोजक्याच तरंगलांबींवर घेतलेला असतो. विचारायचा आकडा म्हणजे टीएसईआर, अर्थात रोखलेल्या एकूण सौर ऊर्जेचे प्रमाण. त्याची कमाल मर्यादा आपल्यालाही काढता येते: ७० टक्के प्रकाश पार करणाऱ्या फिल्मने सगळे अवरक्त आणि अतिनील किरण अडवले असे धरले, तरी ४५ टक्के दृश्य ऊर्जेपैकी सुमारे ३१ टक्के आत येणारच. म्हणजे अशी फिल्म एकूण उष्णतेपैकी ७० टक्क्यांहून अधिक अडवूच शकत नाही, आणि प्रत्यक्षात ती यापेक्षा बरीच कमी अडवते. त्यामुळे पारदर्शक फिल्मविषयी 'नव्वद टक्के उष्णता बंद' असे सांगितले गेले, तर तो आकडा एकूण उष्णतेचा नाही हे लगेच ओळखावे.

प्रकारांमध्ये रंगाची फिल्म सर्वांत स्वस्त असते. ती तिरीप कमी करते, उष्णता बेताचीच अडवते आणि काही वर्षांत जांभळट पडते. धातूचा थर असलेली फिल्म उष्णता चांगली परतवते, पण मोबाइल, जीपीएस आणि पथकराचा टॅग यांच्या लहरींत अडथळा आणू शकते. कार्बनची फिल्म रंग टिकवते आणि लहरींना अडवत नाही. सिरॅमिक फिल्म अधिक महाग असते, परंतु फारशी काळी न होता अवरक्त किरण रोखते आणि म्हणून चालकाच्या काचेसाठी मला तीच योग्य वाटते. गडद फिल्मने दिवसा मिळालेल्या आरामाची किंमत रात्री, पावसात, न उजळलेल्या वळणावर मोजावी लागते, आणि तिथे पायी चालणारा माणूस अर्धा सेकंद उशिरा दिसणे परवडणारे नसते.

कायद्याच्या बाबतीत एक हिशेब आधी करून ठेवावा. काचेतून किमान किती प्रकाश पार झाला पाहिजे, आणि मुळात फिल्म लावता येते की नाही, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. तपासणी मात्र काच आणि फिल्म दोन्ही मिळून होते. मूळ काच ७५ टक्के प्रकाश सोडत असेल आणि फिल्म ७० टक्के, तर दोन्ही मिळून सुमारे ५२ टक्केच उरतात. केवळ फिल्मवरचा आकडा पाहून ती नियमात बसते असे मानणारे इथेच अडकतात.

तेव्हा निवड अशी करावी. गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते आणि प्रवास थोडाच असतो, तर मापात बसणारी सनशेड घ्यावी आणि फिल्मचा खर्च पुढे ढकलावा. रोज लांबचा प्रवास असेल, तर बाजूच्या काचांना कायद्यात बसणारी, फिकी पण चांगल्या टीएसईआरची फिल्म लावावी. पुढची काच लॅमिनेटेड असल्याने त्वचेसाठी तिला फिल्मची गरज नसते. बाजूची काच कोणत्या प्रकारची आहे हे बहुधा तिच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावर लिहिलेले असते, आणि तीही लॅमिनेटेड निघाली तर अतिनील किरणांची काळजी बव्हंशी मिटलेली असते. मागे लहान मूल असेल, तर फिल्म असूनही त्या खिडकीला जाळी लावावी, कारण झोपलेल्या मुलाच्या डोळ्यांवरचे ऊन फिकी फिल्म पुरेसे कमी करत नाही. गाडी भाड्याची किंवा लवकरच विकायची असेल, तर फिल्मच्या वाटेला जाऊ नये. मागच्या काचेवरून ती काढताना डीफॉगरच्या, म्हणजे काचेवरचे बाष्प घालवणाऱ्या, बारीक तारा उखडण्याचा धोका असतो.

फिल्म लावून घेतल्यावर तीन ते पाच दिवस काचा खाली करू नयेत. सुरुवातीला दिसणारा धुरकटपणा आणि पाण्याचे बारीक फुगे पाणी वाळले की जातात, पण टोकदार कण अडकलेला फुगा जात नाही, म्हणून गाडी ताब्यात घेताना प्रत्येक काच उजेडासमोर तिरपी पाहून घ्यावी. नंतरच्या सफाईसाठी अमोनिया असलेले काचेचे द्रावण वापरू नये. ओले मऊ फडके पुरते.