पक्षांचा उच्च शिक्षणावरचा सूर : तयार मॉडेल घ्यावं की हाताने खुणा कराव्यात?

कोल्हापुरात कुठल्याही पक्षाचं उच्च शिक्षणावरचं निवेदन उघडा. वर राजर्षी शाहूंना अभिवादन, खाली ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील’. सत्तेतल्या पक्षाची शेपूट तेवढी वेगळी, तिथे ‘जाहीर आभार’ असतात. म्हणजे भावना सगळी दोन टोकांना, आणि भूमिका मधल्या कोरड्या ओळींत : ‘परीक्षा शुल्क पूर्ववत करावे’, ‘तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचे मानधन दरमहा अदा करावे’. सेंटिमेंट ॲनालिसिसची, म्हणजे मजकुराचा सूर संगणकाने किंवा हाताने मोजण्याची, पद्धत निवडताना माझ्या लेखी निकाल या एका गोष्टीवर लागतो.

शब्दसूचीचा, म्हणजे चांगल्या-वाईट शब्दांची यादी करून गुण मोजण्याचा, मार्ग आधीच बाजूला ठेवतो. ‘शुल्कवाढ’ वाईट, ‘रद्द’ वाईट, मग ‘शुल्कवाढ रद्द’ दुप्पट वाईट, असा तिचा हिशेब. त्यात मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटलेले, म्हणजे ‘शुल्कवाढीविरोधात’ हा सूचीच्या दृष्टीने नवाच शब्द. खरी निवड उरते ती दोघांत : आधीच शिकवलेलं तयार मॉडेल, की वाक्यागणिक हाताने केलेल्या खुणा.

तयार मॉडेलचा मोह रास्त आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या भाषातंत्र संशोधन गटाने २०२१ मध्ये महासेंट हा मराठी ट्वीटचा संच खुला केला : सुमारे १६,००० ट्वीट, सकारात्मक-नकारात्मक-तटस्थ अशा तीन खुणा. पुढे सुमारे ६०,००० नमुन्यांचा मोठा संच आला, त्यात राजकीय ट्वीटही आहेत. त्यावर शिकवलेलं महाबर्ट हे बर्ट पद्धतीचं मराठी भाषा-मॉडेल फुकट मिळतं, गूगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेवर चालतं, आणि हजारभर वाक्यं काही मिनिटांत उरकतं. पक्षप्रवक्त्यांची ट्वीट तपासायची असतील तर बिनधास्त हेच घ्या. ते त्याच मातीतलं आहे.

निवेदनावर मात्र ते दोनदा अडतं. पहिली अडचण लांबीची. बर्ट घराण्यातली मॉडेलं साधारणपणे एका वेळी ५१२ टोकन (शब्द किंवा शब्दाचे तुकडे) घेतात, आणि ‘विद्यार्थ्यांच्या’सारख्या शब्दाचे तुकडे पडत असल्याने दोन पानी निवेदन सहज त्यापुढे जातं. ट्रंकेशन (जादा मजकूर छाटणं) चालू असेल तर पुढचा मजकूर निमूट कापला जातो. राहतं काय? अभिवादन आणि सुरुवातीच्या ओळी. पुढच्या मागण्या गेल्या, गुण मात्र ‘सकारात्मक’कडे झुकतो. उपाय म्हणून वाक्यं तोडायला जावं, तर पूर्णविराम दगा देतो : ‘मा.’, ‘प्रा.’, ‘डॉ.’, ‘ता. करवीर, जि. कोल्हापूर’ इथे वाक्य संपत नाही, प्रोग्रामला मात्र ते संपल्यासारखं वाटतं. या संक्षेपांची यादी करून तोडण्याआधी त्यांतला टिंब काढून टाकावा.

एवढं केल्यावर दुसरी अडचण समोर येते, आणि तीच मला खटकते. वाक्यं नीट तुटली की मधल्या सगळ्या ‘करावे’, ‘द्यावे’, ‘भरावीत’ वाल्या ओळी तटस्थ ठरतात. मॉडेलच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, त्या ओळींत भावना नाहीच. मग सरासरी ठरते ती डोकं आणि शेपटीवर. विरोधक नकारात्मक, सत्ताधारी सकारात्मक, असा सुबक तक्ता तयार होतो. एवढं कळायला संगणक कशाला हवा? शुल्कवाढीचा निषेध करणारा पक्ष उच्च शिक्षणाच्या विरोधात दिसू लागतो, आणि प्राध्यापक भरतीबद्दल चकार शब्द न काढता अभिनंदनाचा ठराव करणारा पक्ष शिक्षणप्रेमी.

हाताने खुणा करताना हा प्रश्न निदान सोडवता तरी येतो. प्रत्येक वाक्यासमोर दोन रकाने ठेवा. पहिला, रोख कोणावर : राज्य सरकार, केंद्राचं धोरण, विद्यापीठ, संस्थाचालक. दुसरा, भूमिका : बाजूने, विरोधात, सशर्त, भूमिका नाही. अभिवादन आणि इशारा यांना सरसकट ‘भूमिका नाही’. ‘सशर्त’ गाळू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावर ‘स्वागत आहे, पण आधी रिक्त जागा भरा’ या थाटाची वाक्यं भरपूर सापडतात. विषयांची यादीही स्वतःच करावी : शुल्क, अनुदान, भरती, शिष्यवृत्ती, कुलगुरू नियुक्ती, अभ्यासक्रम. जाहीरनाम्यांच्या अभ्यासात मॅनिफेस्टो प्रोजेक्ट या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे ५०६ (शिक्षणविस्तार) आणि ५०७ (शिक्षणावरील खर्चाला मर्यादा) हे संकेत वापरतात, पण आपल्याकडे ‘शिक्षण कमी करा’ असं कोण म्हणणार? बहुतेक सगळं ५०६ मध्ये जाऊन पडतं आणि फरक पुसला जातो.

कष्टाचा अंदाज असा : १५० निवेदनं, प्रत्येकी साधारण १२ वाक्यं, म्हणजे १,८०० वाक्यं. सराव झाल्यावर तासाला शंभरेक होतात, म्हणजे माणशी १८ तास. माणसं दोन हवीत, आणि पहिली १०० वाक्यं दोघांनी एकमेकांना न विचारता करायची. नुसती टक्केवारी पाहू नका. शंभरात ८० जुळली आणि निव्वळ योगायोगाने ५० जुळली असती, तर कप्पा (योगायोग वजा करून मोजलेली दोघांतली सहमती) ०.६० येतो, तो कामचलाऊ. त्याखाली गेलात तर माणसं नव्हे, नियम बदला. घोळ बहुधा ‘सशर्त’ आणि ‘विरोधात’ यांच्या सीमेवर असतो. पक्षाचं नाव झाकून ‘पक्ष अ’, ‘पक्ष ब’ करा, नाहीतर नाव वाचूनच खूण होते. माणसाचंही तेच, मॉडेलचंही.

चॅटबॉटला विचारण्याचा तिसरा मार्ग सध्या लोकप्रिय आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. रोख आणि भूमिका हा फरक त्याला समजावता येतो. पण एकदम पन्नास वाक्यं दिली की मधलं एखादं गाळतो आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. दहा-दहा द्या आणि उत्तरात क्रमांकाबरोबर वाक्याचे पहिले तीन शब्द मागा. शिवाय आज दिलेली खूण महिन्याने तीच मिळेल याची खात्री नाही, म्हणून मॉडेलचं नाव आणि तारीख शीटमध्ये टिपून ठेवावी.

मजकूर साफ करण्यातून मात्र कुठल्याच पद्धतीत सुटका नाही. श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातली पीडीएफ कॉपी केली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा येतो. कन्व्हर्टर तरी वापरा किंवा ३०० डीपीआयला स्कॅन करून टेसरॅक्ट या चित्रातून अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामचा मराठी डेटा लावा. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो आणि एनएफसीने (अक्षरांची रूपं एकसारखी करण्याच्या युनिकोडच्या पद्धतीने) ते एक होत नाहीत, तेव्हा बदल स्वतः करावा लागतो. टोकनायझरमध्ये (मजकुराचे टोकन पाडणाऱ्या भागात) ॲक्सेंट काढण्याचा पर्याय चालू राहिला तर उकार, मात्रा आणि हलन्त उडतात, ‘कुलगुरू’चं ‘कलगर’ होतं, आणि एररही येत नाही. पाच वाक्यं टोकन करून डोळ्यांनी पाहावीत.

मजकूर पाच-दहा हजार वाक्यांच्या वर असेल तर सगळं हाताने करा म्हणणं जुलूम होईल. तिथे १,८०० खुणांवर महाबर्ट पुन्हा शिकवावं, १,४०० शिकवायला आणि ४०० तपासायला. ही विभागणी निवेदनानुसार करावी, वाक्यानुसार नको. एकाच निवेदनातली वाक्यं दोन्हीकडे गेली की निकाल फुगतो. ‘भूमिका नाही’ ही खूण सत्तर टक्के असली तर सगळीकडे तेच उत्तर देणारं मॉडेलही सत्तर टक्के अचूक दिसतं, म्हणून मॅक्रो एफ-वन (प्रत्येक प्रकारच्या खुणेला सारखं वजन देणारा गुण) बघा आणि ‘सशर्त’चा आकडा वेगळा काढा.