ओसीडीसाठी ईआरपी थेरपी: गोळ्या चालू असल्या तरी घ्याच

माझ्या धाकट्या भावाला ओसीडी आहे (नको ते विचार सारखे मनात येतात आणि त्यापायी तीच गोष्ट परत परत करावी लागते असा मानसिक आजार), सारखं हात धुणं आणि गॅसचा नॉब परत परत बघणं दोन्ही. आधी तो ईआरपीला (एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, बिहेवियर थेरपीचाच एक प्रकार) तयारच नव्हता, म्हणायचा ताई डोक्यात सेरोटोनिन या केमिकलचा लोचा आहे ना मग नुसतं बोलून काय होणारे. खूप जणांना असंच वाटतं म्हणून सांगते, १९९२ मध्ये अमेरिकेत लुईस बॅक्स्टर यांच्या टीमने ओसीडीच्या पेशंटच्या मेंदूचे PET स्कॅन केले (मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते यात दिसतं), काहींना फ्लुओक्सेटिन हे औषध दिलं आणि काहींना फक्त बिहेवियर थेरपी, तर ज्यांना फरक पडला त्यांच्या मेंदूतल्या कॉडेट नावाच्या भागाचं जास्तीचं काम दोन्हीकडे कमी झालेलं दिसलं. म्हणजे थेरपीपण मेंदूतच काम करते! थेरपिस्ट मॅडमनी हे सांगितल्यावर कुठे हा तयार झाला.

ईआरपीत गप्पा कमी आणि प्रॅक्टिस जास्त. कशाची किती भीती वाटते त्याची यादी करायची, सोप्यापासून सुरुवात. चपलेला हात लावायचा आणि हात धुवायचे नाहीत, बस्स. जीव नुसता कासावीस होतो, पण न धुता थांबलं की घालमेल आपोआप उतरायला लागते आणि हे परत परत केलं की ती भीतीच बोथट होते. घरच्यांनापण नियम असतात, "गॅस बंद आहे ना गं?" असं दहाव्यांदा विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. आईला हे फार जड गेलं, तिला तर इतकी वर्षं ते धुणं म्हणजे सोवळंच वाटायचं.

गोळ्या पण चालू आहेत, फ्लुवॉक्सामिन. सुरुवातीला मळमळ झाली. ओसीडीत डोस बऱ्याचदा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो आणि नीट फरक कळायला ८ ते १२ आठवडे जातात, त्यामुळे महिन्याभरात काही होत नाही म्हणून मनाने बंद करू नका प्लीज.

तक्रार एकच, फी परवडत नाही आणि मराठीतून ईआरपी करणारे शोधावे लागतात. आधी एका काउन्सेलरकडे गेलो होतो तिथे दर वेळी "तसे विचार मनात आणू नकोस" एवढंच, अहो तेच तर त्याला जमत नाहीये! म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच विचारा की ईआरपी करता का आणि घरी करायला प्रॅक्टिस देता का.

माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार, एक फीसाठी कापला. कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फ्री आहे आणि मराठीत बोलता येतं.