कंदिलासाठी पतंगाचा कागदच घ्या: एका बाइंडर बाईचं मत

घाईत वाचणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. घरी आकाशकंदील करायचा असेल, तो खिशाला परवडायला हवा असेल आणि आत दिवा लागल्यावर खरोखर उजळायला हवा असेल, तर पतंगाचा कागद घ्या. बाकीचे कागद वाईट नाहीत, पण त्यांची कामं वेगळी आहेत.

मी कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या एका छापखान्यात बाइंडिंगला आहे. पावतीपुस्तकं, हजेरीपुस्तकं, हिशेबाच्या वह्या, लग्नसराईत पत्रिकांच्या घड्या. दिवसभर कागद बोटांखालून जातो. त्यामुळं दसरा झाला की गल्लीतली पोरं हातात कसले कसले कागद घेऊन दारात येतात. "काकी, ह्यो चालतोय का बघा की." दर वर्षी तेच प्रश्न आणि तीच उत्तरं. म्हणून यंदा सगळं एकदा लिहून काढते आहे.

सुरुवात तयार किटपासून करते, कारण हल्ली बऱ्याच घरांत तेच येतं. माझ्या जाऊबाईंनी धाकट्यासाठी असं एक किट मागवलं होतं, साडेतीनशेच्या आसपास. कंपनीचं नाव घेत नाही. खोक्यावरचं चित्र सुंदर होतं. आत आधीच कापलेले जाड कार्डशीटचे तुकडे, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, चमकीची पट्टी आणि बारीक इंग्रजीत छापलेली कृती. पोरानं तो तासाभरात उभा केला, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवा लावल्यावर कंदील अंधाराच अंधारा! उजेड फक्त फटींतून बाहेर. एवढ्या जाड कागदातून उजेड यायचा तरी कसा? दोन दिवसांनी संध्याकाळी परतीच्या पावसाची सर आली, हवा दमट झाली आणि टेपनं कडा सोडल्या. साडेतीनशे रुपयांत कागद किती मिळाला, तर दोन-तीन कार्डशीटएवढा. पोराला त्यातून शिकायला काय मिळालं, तर बाण दाखवतो तिथं चिकटवायला. मला ते पैसे पटले नाहीत.

आता पतंगाचा कागद. हा इतका पातळ असतो की छापील पानावर ठेवला तर खालची अक्षरं दिसतात. त्याचं मोल तिथंच आहे. उजेड त्यातून गाळून येतो, पसरतो आणि आतला बल्ब डोळ्यांना टोचत नाही. रंगही आतून पेटल्यासारखे दिसतात. पिवळा आणि केशरी सगळ्यांत छान. लालही देखणा, पण त्यातून उजेड कमी येतो. जांभळा आणि गडद निळा दिवसा शोभतो, रात्री काळवंडतो. दोन रंग घ्यायचे तर एक फिका, एक गडद घ्या. दोन्ही गडद नकोत.

विकत घेताना ताव उजेडाकडे धरून बघा. महाद्वार रोडपासून पापाची तिकटीपर्यंतच्या पट्ट्यात दिवाळीच्या आधी कागद मिळतोच, पण दुकानादुकानात फरक आहे. काही ठिकाणी गुंडाळी करून रबर लावलेले पाच-दहा तावच घ्यावे लागतात, आतला कागद बघू देत नाहीत. तिथं मी थांबत नाही. मी जिथून घेते तो दुकानदार सुटा ताव देतो आणि वर म्हणतो, "मावशी, हातात घेऊन बघा की, बघायला पैसे पडत न्हाईत." असं दुकान सापडलं की सोडू नका. तावाला बारीक भोकं आहेत का, घडीवर रंग उडालाय का, हे तिथंच कळतं. एका तावाला चहाच्या कपाएवढेही पैसे पडत नाहीत. तरी तो निवडून घ्यावा, कारण एका फाटक्या चौकोनासाठी पुन्हा बाजारात जायचं म्हणजे रिक्षाचं भाडं कागदापेक्षा जास्त.

घरी आल्यावर आणखी एक परीक्षा करा. तावाचा कोपरा पाण्यात बुडवून पांढऱ्या कागदावर दाबा. रंग उतरला तर तो ताव फार ओला करू नका, आणि त्याच्या शेजारी पांढरा कागद तर मुळीच लावू नका. हे बघायचं कारण पुढं येईल.

आपला नेहमीचा पारंपरिक कंदील सहा चौकोनांचा असतो. एक वर, एक खाली आणि चार बाजूंना टोकावर उभे. सहाही चौकोन कोपऱ्यांना एकमेकांशी बांधले की मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. सहा चोक चोवीस, म्हणजे कामट्या २४ लागतात. आठ इंची कामटी घेतली तर सगळी मिळून १६ फूट बांबू झाला आणि कंदील साधारण सव्वाअकरा इंच उंच होतो. दारावर टांगायला हे माप अगदी बरोबर. बुरडाकडून कामट्या एकसारख्या तासून आणा. जाड-बारीक असल्या की सांगाडा एका अंगाला झुकतो. बांधायला साधा सुती दोरा पुरतो, मी शिलाईचा वापरते.

कागदाचा हिशेब असा. ताव २० बाय ३० इंचांचा असेल तर कडेला दुमडायला अर्धा-अर्धा इंच धरून नऊ इंची सहा चौकोन एका तावात निघतात. आपल्याला वरचा आणि खालचा चौकोन मोकळा ठेवायचा असतो, म्हणजे चारच लागतात, दोन राखीव राहतात. दुसऱ्या रंगाच्या तावात उलटसुलट मांडले तर आठही त्रिकोण बसतात. तिसरा ताव शेपट्यांना. तीन ताव, दोरा, मूठभर मैदा. कामट्या जुन्या असतील तर कंदील ५० रुपयांच्या आत होतो. नव्या घेतल्या तरी १०० च्या आसपास. आणि कामट्या वर्षानुवर्षं टिकतात, दर दिवाळीला फक्त कागद बदलायचा. म्हणून पहिल्या वर्षी पैसे घालायचेच असतील तर ते कामट्यांवर घाला.

मैद्याचं म्हणाल तर मी खळच वापरते. फेव्हिकॉल चांगलाच आहे, त्यात वाद नाही. छापखान्यात तो रोज लागतो, आणि कार्डशीट किंवा पुठ्ठा असेल तर घरीही तोच घ्यावा. पण पातळ कागदावर त्याचा थेंब जास्त पडला की कागद आकसतो, आणि वाळल्यावर तिथं कडक चकाकता डाग राहतो. दिव्यापुढं तो डाग ठळक दिसतो. खळीचं तसं नाही. दोन चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मंद आचेवर सतत हलवत ठेवायचा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरायचं. चिमूटभर तुरटी घातली की लवकर आंबत नाही. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. ते विष आहे, पोरांचा हात लागणाऱ्या घरात ते अजिबात आणू नका. खळ चाळणीतून गाळून घेतली तर ब्रशनं एकसारखी लागते. चुकून तिरका लागलेला कागद थोडा वेळ सरकवताही येतो. लहान मुलांबरोबर काम करताना ही सवड फार मोलाची असते.

आता मघाशी ज्यासाठी कोपरा बुडवून बघितला ते. कागद चिकटून पूर्ण वाळला की जरा सैल वाटतो, कुठं कुठं सुरकुत्याही राहतात. इस्त्रीच्या फवाऱ्यानं त्यावर अगदी हलकं पाणी उडवा आणि सावलीत टांगून ठेवा. पाणी पिऊन कागद आधी ढिला पडतो, बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो. पण वाळताना तो आकसतो आणि ढोलकीच्या पानासारखा ताणून बसतो. सगळ्या सुरकुत्या जातात. ही गोष्ट जाड कागदाला जमत नाही, किटमधल्या कार्डशीटला तर नाहीच. मी पतंगाच्या कागदाच्या बाजूची आहे ती उजेडाइतकीच या ताणामुळं.

बाकीच्या कागदांबद्दल थोडक्यात. घोटीव कागद एका बाजूनं रंगीत, एका बाजूनं पांढरा असतो. कंदिलाच्या अंगाला तो लावू नका, उजेड अडवतो. पण करंज्या आणि पताका करायला तोच हवा. घडी करकरीत बसते आणि कातरल्यावर कड स्वच्छ निघते. क्रेप कागद शेपट्यांना छान झुलतो, मात्र ओल लागली की रंग सोडतो, खालच्या फरशीवर गुलाबी डाग पडतात. जिलेटिनचं पोरांना भारी वेड. त्यातून बल्ब जसाच्या तसा दिसतो आणि त्यावर खळ धरत नाही. शिवाय जिलेटिन म्हणून मिळतो तो पुष्कळदा प्लास्टिकच असतो. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा लोक पुन्हा कागदाकडं वळले, याचा मला मनापासून आनंद झाला होता. मग त्या जागी प्लास्टिक कशाला आणायचं?

कार्डशीट मी भेटकार्डांसाठी ठेवते. पाडव्याला आणि भाऊबीजेला आमच्याकडं पोरांनी केलेली कार्डं असतात. इथं धंद्यातली एक गोष्ट सांगते. प्रत्येक कागदाला एक ग्रेन असतो, म्हणजे त्यातले तंतू एका दिशेनं जास्त पडलेले असतात. कार्डशीट हातात धरून आधी लांबीकडून, मग रुंदीकडून हलकेच वाकवून बघा. जिकडून सहज वाकेल त्या रेषेत घडी घाला. घडी सरळ बसते, रंग फुटत नाही. उलट दिशेनं घातली तर घडीवर पांढरी भेग दिसते आणि कार्ड उभं राहत नाही. घडी दाबायला चमच्याची पाठ वापरा.

आणि कार्डशीट विकत घ्यायच्या आधी जवळच्या छापखान्यात जाऊन या. पुस्तकाचं किंवा पत्रिकेचं कटिंग झालं की मशीनच्या बाजूला पट्ट्यांचा ढीग पडतो. पत्रिकांच्या कागदाच्या पट्ट्या तर सोनेरी, मोतिया, टेक्सचरच्या. बोटभर रुंदीच्या असल्या तरी साखळ्या, तोरणं, चांदण्या, कार्डाच्या किनारी, सगळं होतं त्यात. हे सगळं रद्दीत किलोवर जातं. आमच्या मालकांना विचारून मी पिशवीभर आणते. तुम्हीही नीट विचारलंत तर बहुतेक ठिकाणी मिळेल, पैसे मागितले तरी रद्दीच्या भावानं. मशीनपाशी स्वतः हात मात्र घालू नका, कटिंगची सुरी फार वाईट. कामगारालाच काढून द्यायला सांगा.

छोट्या कंदिलांची माळ करायची असेल तर कामट्याही नकोत. खराट्याच्या काड्या पुरतात. तीन-चार इंचांचे तुकडे, तेच सहा चौकोन, तीच खळ. पोरांचे हात लहान, त्यांना मोठ्यांपेक्षा हे बरं जमतं.

पतंगाच्या कागदाचे दोष सांगितले नाहीत तर मत अर्धवट राहील. तो पावसात टिकत नाही, आणि आपल्याकडं दिवाळीच्या तोंडावर संध्याकाळी आभाळ भरून येतं हे काही नवीन नाही. कंदील पागोळ्यांपासून आत, छपराखालीच टांगा. गच्चीवर किंवा झाडाला लावायचा असेल तर हा कागद नको. नख लागलं तरी फाटतो, पण त्याच कागदाचा तुकडा खळीनं आतून लावला की रात्री जोड फारसा दिसत नाही. उन्हानं रंग विटतो, दुपारभर उन्हात राहणाऱ्या दारावर आठवड्यात फरक कळतो. माळ्यावर तसाच ठेवला तर खळीच्या वासानं झुरळं आणि कसर येतात. म्हणून तुळशीचं लग्न झालं की कागद उतरवून सांगाडा पुसून ठेवायचा.

आत दिवा एलईडीच लावा, ३ ते ५ वॉटचा भरपूर होतो. जुना पिवळा बल्ब तापतो, आणि या कागदाला पेटायला फार काही लागत नाही. बल्ब बरोबर मधोमध लोंबू द्या, कागदाला टेकता कामा नये. होल्डरची वायर वरच्या मोकळ्या चौकोनात आडव्या काडीला बांधली की वाऱ्यानं सरकत नाही. पणती आत ठेवायची हौस असेल तर ती शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणून उंबऱ्यावर लावा, कंदिलात नको.

खरेदीला वसुबारसेची वाट बघू नका. तोवर पिवळा आणि केशरी संपलेला असतो, उरतो जांभळा. दसऱ्याच्या आठवड्यात गेलात तर रंग निवडायला मिळतात आणि दुकानदारालाही ताव उलगडून दाखवायला वेळ असतो. नेताना पुठ्ठ्याची नळी बरोबर घ्या. घडी घातलेल्या पतंगाच्या कागदाची रेघ फवारा मारूनही पूर्ण जात नाही.